गोल आणि फुली

माझ्या संगणकाच्या पडद्यावर उजवीकडे कोपऱ्यात एक हिरवा ठिपका असतो. पाच मिनिटं मी कळफलकाला हात लावला नाही की तो पिवळा होतो, आणि बंगलोरला बसलेल्या माझ्या साहेबाला कळतं की इंदूरची बाई जागेवर नाही. मी भाजीला फोडणी देत असेन, दारात कुरियरवाला उभा असेल, त्याच्याशी ठिपक्याला देणंघेणं नसतं. पलीकडच्या खोलीत माझी मुलगी कॉलेजात असते. म्हणजे पलंगावर असते. कॅमेरा बंद, आवाज बंद, मांडीवर पोह्यांची प्लेट. परवा तिच्या सरांनी हजेरी घेतली तेव्हा बाईसाहेब आंघोळीला गेल्या होत्या, आणि तरी हजेरी लागली. मैत्रिणीनं लावली.

"अगं, असं कसं चालतं?" मी विचारलं.

"मम्मी, सबकी ऐसेच लगती है. कुणाला काय फरक पडतो?"

तिच्यावर चिडायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. एरवी मी चिडायला कुणाची परवानगी घेत नाही, पण या एका विषयावर मला बोलायचा हक्क नाही. का नाही, ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तिला नाही आणि तिच्या वडिलांनाही नाही.

माझे बाबा मिलमध्ये टाइमकीपर होते. कुठल्या मिलमध्ये ते सांगून उपयोग नाही, इंदूरच्या सगळ्या कापड मिलांची गत शेवटी एकच झाली. टाइमकीपर म्हणजे गेटाजवळच्या खिडकीत बसून हजेरीचं रजिस्टर भरणारा बाबू. पाळी सुरू व्हायची तेव्हा भोंगा वाजायचा. भोंग्यानंतर पाच मिनिटं खिडकी उघडी राहायची आणि मग बंद. माणूस वेळेवर आला की बाबा त्याच्या नावापुढच्या चौकटीत एक तिरपी रेघ मारायचे. पाळी संपवून तो बाहेर पडला की त्या रेघेवर दुसरी रेघ, म्हणजे फुली. फुली म्हणजे भरलेला दिवस. आला नाही, किंवा खिडकी बंद झाल्यावर आला, तर गोल. गोल म्हणजे खाडा.

या रजिस्टरात खाडाखोड चालत नसे. चुकून झालीच, तर त्या चौकटीच्या कोपऱ्यात टाइमकीपरनं बारीक सही करायची. हे मी पाहिलेलं आहे आणि याची जबाबदारी माझी, असा त्या सहीचा अर्थ. बाबांच्या अख्ख्या नोकरीत अशी एकही सही झाली नव्हती. गणपतीत पाहुणे आले की बाबा हे हमखास सांगायचे, आणि स्वयंपाकघरात आई भांडी जरा जोरात ठेवायची.

आईला कारण होतं. मी सात-आठ वर्षांची असताना लूम खात्यातल्या एका विणकराची बायको आमच्या दारात आली होती. तो विणकर बदलीवर होता. बदलीवाल्यानं रोज गेटावर यायचं, कुणी कायम माणूस आला नसेल तर त्याच्या जागी काम मिळायचं. त्याची वर्षाची हजेरी भरत आली होती, ती भरली की तो कायम होणार होता. नेमकी त्याची मुलगी तापानं फणफणली. तिला दवाखान्यात टाकून तो धावत गेटावर आला तेव्हा खिडकी बंद होऊन दोन मिनिटं झाली होती. बाबांनी गोल मांडला, आणि त्या गोलापायी त्याचं कायम होणं पुढच्या वर्षावर गेलं. त्याची बायको आमच्या पायरीवर बसून रडत होती. बाबा तिला म्हणाले, "बाई, तुझ्या नवऱ्याला दोन मिनिटं दिली तर बाकीच्या हजार लोकांना मी काय सांगू?"

ते ओरडले नाहीत, उलट फार हळू बोलले. आईनं तिच्यासाठी चहा टाकला, पण ती तो न पिताच गेली. त्या दिवशी मला बाबांचा राग आला होता आणि थोडा अभिमानही वाटला होता. लहानपणी या दोन्ही गोष्टी एकाच पोटात राहतात.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मिल बंद पडली. एकदम नाही, रडतखडत. आधी रात्रपाळी गेली, मग एकेक खातं गेलं, मग विजेची तार तोडली आणि शेवटी गेटावर कागद चिकटला. खरी गंमत त्यानंतर. काम नाही, पगार नाही, पण कामगारांनी रोज सकाळी दहाला गेटावर येऊन सही करायची. जो नेमानं सही करील त्याचाच हक्क टिकेल, असं सगळे एकमेकांना सांगायचे. कोर्टात काय चाललंय ते कुणालाच धड माहीत नव्हतं. तीस वर्षं दुसऱ्यांची हजेरी भरणारे बाबा आता डोक्यावर रुमाल टाकून रांगेत उभे राहायचे आणि एका चौकीदारापुढे सही करून घरी यायचे. चौकीदाराला रेघा सरळ मारता येत नाहीत, एवढीच त्यांची तक्रार असायची.

माझं कॉलेज सुटलं. आईनं पापड लाटून पाहिले, मी शिकवण्या करून पाहिल्या. एखाद्या घराचा जीव किती सावकाश जातो ते मी त्या दोन वर्षांत पाहिलं. आमच्याकडे भांडणंसुद्धा होईनाशी झाली.

अशात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ, म्हणजे राजघराण्याच्या समाध्यांपाशी, साडीच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, नवीन क्लास निघाला. हॉलमध्ये पुढे मोठा पडदा, आणि पडद्यावर टाय लावलेले सर. सर बसायचे दिल्लीत. गच्चीवरच्या तबकडीतून त्यांचा चेहरा आमच्याकडे यायचा, आणि तसाच तो आणखी आठ-दहा गावांत एकाच वेळी जायचा. प्रत्येक खुर्चीसमोर एक डबी होती आणि तिला बटण. आल्याबरोबर बटण दाबायचं, म्हणजे दिल्लीच्या यंत्राला कळायचं की या खुर्चीत माणूस आहे. प्रश्न विचारायचा असला तरी तेच बटण, पण आपली पाळी येईपर्यंत सर 'थँक्यू इंडिया' म्हणून निघून गेलेले असायचे. सगळ्या इंडियातर्फे त्यांचे आभार आम्ही मनातल्या मनात स्वीकारायचो.

शिकायचं काय, तर अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर जे बोलतात ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं. कोर्स पुरा करून सर्टिफिकेट मिळालं की कंपनी संगणक घरी आणून बसवणार आणि काम टेलिफोनच्या तारेतून घरी येणार. घरी बसून नोकरी! आईनं हे माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. तिनं तिचं जे काही शेवटचं होतं ते मोडलं आणि माझी फी भरली. काय मोडलं ते मी विचारलं नाही, तिच्या हाताकडे पाहिलं की दिसत होतं.

बाबांना मात्र हे पटेना. "म्हणजे गेटच नाही? मग माणूस कामावर आला का नाही, हे कळणार कसं?"

"बाबा, काम झालं की कळतं."

"काम होणं अलग आणि माणूस हाजिर असणं अलग," ते म्हणाले. आज त्या हिरव्या ठिपक्याकडे पाहताना वाटतं की बाबांना पटलं नव्हतं तरी समजलं पुरतं होतं.

दिल्लीला यंत्राचा भरवसा पुरत नव्हता. त्यांना शिवाय सही-शिक्क्याचं कागदी रजिस्टर हवं होतं. सेंटरचा मॅनेजर होता सत्तावीस-अठ्ठावीसचा, तो कुणीतरी बुजुर्ग आणि इमानदार माणूस शोधत होता. बाबांचं नाव मीच सुचवलं. मला वाटलं, घरात चार पैसे येतील आणि बाबा जरा माणसांत येतील. माझीच अक्कल.

पहिल्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला शाईचं पेन लावून गेले. रजिस्टरावर पट्टीनं नव्यानं रेघा आखल्या. दाराशी टेबल टाकलं. चार वाजता पडद्यावर सर आले की पाच मिनिटं दार उघडं, मग बंद. आलेल्याला एक रेघ, सुटताना दुसरी, न आलेल्याला गोल. पोरं वैतागायची. "अंकलजी, थोडा एडजस्ट कर लो ना," म्हणायची. बाबा पेनाचं टोपण लावून घड्याळाकडे बोट दाखवायचे. तिथल्या कपाटाची किल्ली मॅनेजरकडे असायची आणि मॅनेजरच्या येण्याचा नेम नसायचा, म्हणून बाबा रजिस्टर कापडी पिशवीत घालून रोज घरी आणायचे. जेवताना ती पिशवी त्यांच्या मांडीला लागून असायची. बऱ्याच दिवसांनी ते पोटभर जेवत होते.

कोर्समध्ये दहा खाडे माफ होते. अकरावा झाला की नाव कटणार. सर्टिफिकेट नाही, संगणक नाही, फीही परत नाही. माझा एकही खाडा नव्हता, आणि मग आईला टायफॉइड झाला. दवाखान्यात तिच्याजवळ बसायला घरात दुसरं होतं कोण? बाबांची ड्यूटी चुकली तर ती नोकरी जाणार. म्हणून मी बसले. दहा दिवस. ते दहा गोल बाबांनी स्वतःच्या हातानं मांडले. सकाळी ज्या हातानं आईला मोसंब्याचा रस पाजायचे, संध्याकाळी त्याच हातानं. दहाव्या दिवशी घरी येताना मला म्हणाले, "बेटा, आता एकपण नाही."

कोर्स संपायला तीन आठवडे होते तेव्हा अनंत चतुर्दशी आली.

इंदूरात त्या दिवशी कुणी काम करत नाही. मिलांचे गणपती निघतात, आणि त्यांच्याबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर झांक्या, म्हणजे हलणारे देखावे. सगळं शहर रस्त्यावर येतं, ते सकाळपर्यंत. मिला बंद पडल्या तरी झांक्या बंद झाल्या नाहीत. पगार नसलेली माणसं वर्गणी मागून, जुने बल्ब धुऊनपुसून झांकी उभी करायची. बाबा दर वर्षी आपल्या मिलच्या झांकीबरोबर चालायचे. पण दिल्लीत अनंत चतुर्दशीची सुट्टी नसते. सर चार वाजता पडद्यावर येणार म्हणजे येणार. मॅनेजर म्हणाला, "जिसको आना है आ जाओ, भिया, दिल्ली को कौन समझाए." बाकीच्यांच्या पदरात माफीचे खाडे शिल्लक होते, ते निवांत होते.

बाबा दोन वाजताच पायी निघाले. जाताना म्हणाले, "लवकर नीघ, आज रस्ते जाम मिळतील." मी निघाले तीनला. आईला भात भरवायचा होता, अजून तिच्या हातात चमचा धरवत नव्हता. तीन म्हणजे भरपूर वेळ, असं मला वाटलं. टेंपो अर्ध्या वाटेत बंद, मग चालत, मग पळत. कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळ आले तर पूल गच्च. एका ट्रॉलीच्या चाकांचा आस तुटून ती आडवी झाली होती. वर कालियामर्दनाचा देखावा, नागाचे फणे वाकडे, आणि खाली वीस-पंचवीस माणसं खांदा लावून उभी. ती आमच्याच मिलची झांकी होती.

माणसांच्या भिंतीतून मला पुढे सरकता येईना. मी रडकुंडीला आले होते. तेवढ्यात ट्रॉलीखाली खांदा दिलेल्या एकानं मला ओळखलं. तोच विणकर. मला तो लहानपणापासून तोंडानं माहीत होता, रस्त्यात दिसला की मी नजर वळवायची.

"अरे, बाबूजीची बिटिया आहे ही! हटा रे, तिला जाऊ द्या!" तो ओरडला. "काय झालं बेटा?"

"काका, माझा क्लास आहे. चार वाजून पाचला दार बंद होतं."

त्यानं खांदा काढला, माझ्या दंडाला धरलं आणि गर्दी कोपरानं फाडत मला पुलाच्या पार नेऊन सोडलं. कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानाकडे त्याचं लक्ष गेलं. "चार वाजून पाच झाले. भाग, बेटा, भाग!"

मी जिना चढले तेव्हा दार बंद होतं. टेबल दाराबाहेर होतं आणि बाबा टेबलाशी. रजिस्टर उघडं होतं आणि गोल मांडून झाले होते. आत चार जण होते.

"बाबा, झांकी तुटली पुलावर. आपल्याच मिलची."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"बाबा, दोन मिनिटं झालीत फक्त."

"घड्याळ बघ."

"तुम्हाला माहीत आहे ना, हा अकरावा आहे?"

"माहीत आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज फार हळू होता. मी तो आवाज पूर्वी एकदा ऐकला होता, आमच्या पायरीवर बसलेल्या बाईशी बोलताना.

मी जिन्यात बसून राहिले. दाराआडून दिल्लीचा आवाज येत होता, हृदयाच्या झडपांबद्दल काहीतरी. खालून ढोल वाजत होते. पाच वाजता सर 'थँक्यू इंडिया' म्हणाले.

घरी आईला कळलं तेव्हा ती उशीवरून उठून बसली. टायफॉइडनं तिचा आवाज बसला होता, तरी तिनं ऐकवायचं ते ऐकवलं. "तुमच्या मिलला कुलूप लागलं. तुमच्या डोक्याचं कुलूप कधी निघणार? पोरीचं सगळं गेलं. समजतंय का तुम्हाला, सगळं गेलं." बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्या वर्षी ते झांकी पाहायला गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे मिलच्या गेटावर सही करायला गेले. पिशवी खुंटीला होती. मी फार विचार केला असं म्हणणार नाही. मला समोर पुढची चाळीस वर्षं दिसत होती, आईच्या पापडांची, माझ्या शिकवण्यांची, बाबांच्या रुमालाची. मी रजिस्टर काढलं, माझं नाव शोधलं आणि त्या गोलावर फुली मारली. बॉलपेननं. बाबांची शाई निळी-काळी, माझं पेन झगझगीत निळं. आणि बाबांची फुली दोन वेळी दोन रेघांनी व्हायची, माझी एका झटक्यात झाली. टाइमकीपरची मुलगी मी, जन्मभर त्या रजिस्टराच्या गोष्टी ऐकत वाढलेली, आणि एवढंही मला सुचलं नाही. गोल तर तसाच दिसत होता, फुलीच्या मागे, आ वासून.

दुपारी जेवून बाबांनी पिशवी उतरवली. निघण्याआधी एकदा पान उघडून पाहायची त्यांची सवय होती. मी चुलीपाशी होते. माझी पाठ त्यांच्याकडे होती, पण पान उलटल्याचा आवाज थांबला ते मला कळलं. मी वळले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. कितीतरी वेळ ते त्या चौकटीकडे बघत होते. मला वाटलं, आता पान फाडतील किंवा मला मारतील. त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, त्या वेळी मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं. त्या चौकटीच्या कोपऱ्यात, अगदी बारीक, सही केली. टीपकागद दाबला. रजिस्टर पिशवीत घातलं आणि मला म्हणाले, "चल. उशीर होईल."

पिशवी खांद्याला लावून ते पुढे, मी मागे, असे आम्ही निघालो.

महिन्याअखेरीला रजिस्टराच्या नकला दिल्लीला गेल्या आणि तिथून विचारणा आली. त्या दिवशी यंत्रात इंदूरच्या पाच खुर्च्या नाहीत, चारच. मॅनेजरनं बाबांना बोलावलं. मी दारात होते.

"अंकलजी, ये क्या है? मशीन बोल रही है चार, आप बोल रहे हो पाँच."

"ती आली होती," बाबा म्हणाले. "बटण दाबायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही. मी आधी चुकून गोल केला, मग दुरुस्त केला. खाली माझी सही आहे."

बाबांना खोटं बोलताना मी प्रथमच पाहत होते. त्यांना ते जमत नव्हतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मॅनेजर पोरगा असला तरी मूर्ख नव्हता. त्यानं दोन रंगांची शाई पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, मग रजिस्टर मिटलं.

"लड़की का रहने देता हूँ," तो म्हणाला. "आपकी साइन है, तो मैं दिल्ली को वही बोलूँगा. पर आप कल से मत आइए, अंकलजी. रजिस्टर का मामला है."

बाबांनी मान हलवली. पट्टी आणि टीपकागद त्यांचे स्वतःचे होते, ते त्यांनी पिशवीत घातले. बाकी तिथे त्यांचं काही नव्हतं.

माझं सर्टिफिकेट आलं. पाठोपाठ पत्र आलं की संगणक पंधरा दिवसांत घरी बसवून मिळेल. आई देवापुढे साखर ठेवून रडली. बाबांना तिनं काही विचारलं नाही, बाबांनी तिला काही सांगितलं नाही. ते पुन्हा आपले रोज सकाळी गेटावर जाऊ लागले. तेवढं एकच ठिकाण आता उरलं होतं जिथे त्यांना जायचं असायचं.

पत्र आलं त्याच आठवड्यात एकदा ते चष्मा घरी विसरले. चष्म्याशिवाय त्यांना सहीची ओळ दिसायची नाही, म्हणून आईनं मला मागे पिटाळलं. मी गेटावर पोचले तेव्हा ते टेबलाशी पोचलेच होते. चौकीदारानं पेन त्यांच्या हातात दिलं होतं. बाबांच्या मागे रांगेत तो विणकर उभा होता.

"बाबूजी," तो म्हणाला, "ऐकलं, सेंटरची नोकरी गेली तुमची."

"गेली."

"रजिस्टरमध्ये काही गडबड निघाली म्हणे. अनंत चौदसच्या दिवसाची. तुमच्या बिटियाची फुली."

रांगेतल्या सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. या लोकांच्या दिवसांवर बाबांनी तीस वर्षं फुल्या आणि गोल मांडले होते.

"त्या दिवशी पुलावरून मीच तिला पार नेलं," विणकर म्हणाला. "घड्याळ मीच बघितलं. चार वाजून पाच झाले होते. तिथून तुमच्या जिन्यापर्यंत दोन मिनिटं तर लागतातच." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी सहन केलं असतं. "माझी पोरगी दवाखान्यात होती, तेव्हा पण दोनच मिनिटं होती, बाबूजी. तेव्हा तुमच्याजवळ नव्हती."

"नव्हती," बाबा म्हणाले.

"बस, एवढंच विचारायचं होतं."

"बरोबर आहे तुझं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

चौकीदार गडबडला. "बाबूजी, साइन तो कर दो. लिस्ट बन रही है, नाम कट जाएगा."

"आज मेरा नागा लगा दो," बाबा म्हणाले. नागा म्हणजे खाडा, गोल.

मी तिथेच होते. चार पावलांवर, हातात चष्मा घेऊन. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. गोल माझ्या बाबांनीच मांडला होता, मलासुद्धा दोन मिनिटं दिली नव्हती, फुली मी मारली. एवढं बोलले असते तर त्या विणकराला त्याचा जुना बाबूजी परत मिळाला असता आणि बाबांना त्यांची तीस वर्षं. माझ्या ओठांवर आलं होतं. पण रांगेत चाळीस माणसं होती, गोष्ट संध्याकाळपर्यंत सेंटरवर गेली असती, आणि घरी टेबलावर ते पत्र होतं. मी गप्प राहिले.

बाबा वळले तेव्हा त्यांना मी दिसले. मी सगळं ऐकलंय हे त्यांना कळलं. मी बोलले नाही हेही कळलं असणार. त्यांनी माझ्या हातातून चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "चल, ऊन लागेल."

त्यानंतर ते गेटावर कधीच गेले नाहीत. आईनं हातापाया पडून पाहिलं, जुने सोबती बोलवायला आले, मी तर त्यांच्याकडे पाहूही शकत नव्हते. संगणक आला, काम आलं, घर चाललं. मी कानाला हेडफोन लावून परक्या देशातल्या माणसांची दुखणी टाइप करायची आणि बाबा समोरच्या खुर्चीत बसून असायचे. सहा वर्षं ते तसे बसून होते. आमच्यात त्या फुलीबद्दल शेवटपर्यंत बोलणं झालं नाही, आणि आता होण्यासारखं नाही.

गेटावरच्या त्या रजिस्टरात बाबांच्या नावापुढे त्या दिवसापासून गोलच पडत गेले असतील, नाव कटेपर्यंत, वाकड्यातिकड्या रेघांच्या चौकटींत. तो पहिला गोल पडला तेव्हा बाबा टेबलाशी हजर होते. ते सगळे गोल माझे होते.